टिटवीची अंडी आणि विहिरीवरचा कंदील

ऐका. मधेच कुणी हसायचं न्हाय, सांगून ठेवतो.

त्या माळावरच्या, पडक्या विहिरीजवळच्या रानात हिंदुराव एकटा निघाला. रात्रीचा! जेवून हात धुतला आणि निघाला. कशाला? सांगतो की.

चैत सरला होता, नांगरट चालली होती. हिंदुरावाचं रान ते केवढं, दीड एकर. मधोमध उघड्या मातीवर टिटवीनं अंडी घातलेली. त्याच्या बायकोनं, अंजिरानं, भोवती धोंडे मांडले. म्हणाली, "अवं, एवढी जागा सोडून नांगर घाला. पिल्लं निघू द्या." हा म्हणाला, "बरं."

आणि दुपारी काय झालं? बैल तिथं आले आणि थांबले. आपणहून! टिटवी पंख पसरून पुढ्यात उभी, जिवाच्या आकांतानं ओरडतीय. मुकी जनावरं थांबली, बघा. आणि हा? ऊन डोक्यावर, घसा कोरडा, वळसा घालायचा कंटाळा. दुसरं काही न्हाय हो, कंटाळा! धोंडे लाथाडले आणि बैलाला पराणी टोचली. फाळ अंड्यांवरनं गेला. मागं वळून बघितलंसुद्धा न्हाय त्यानं.

जेवताना अंजिरानं विचारलं, "अंडी हायती न्हवं?"

"हायती की."

"उद्या मी येती बघायला."

बास, म्हणून निघाला! धोंडे परत मांडायचे, टरफलं मातीत दडपायची, कोल्ह्यानं खाल्ली म्हणायचं. बायकोला सांगितलं, "बैलाचं दावं राहिलंय रानात." खोट्यावर खोटं.

अंधार असा की हाताला हात दिसेना. बॅटरी घेऊन रानात पोचला, तर धोंडे सापडेनात. जाऊ दे, घरी जाऊ म्हणाला, तर बांध लागेना. चालला, बाभळ आली. चालला, पुन्हा तीच बाभळ. पळाला. पुन्हा बाभळ! लहानपणापासून पायाखालचं रान, आणि बाहेर पडायला वाट न्हाय. चकवा लागला, दुसरं काय! आणि बॅटरी विझली.

मटकन खाली बसला. तेवढ्यात समोर कंदील. धरणाऱ्याची पाठ तेवढी दिसतीय. आवाज शेजारच्या रानातल्या भैरूचा.

"हिंदुराव, चल, घरी सोडतो."

हायसं वाटलं बिचाऱ्याला. लागला मागं. थोडं चालल्यावर ती पाठ म्हणती, "अंडी हायती न्हवं?"

सर्रकन काटा आला अंगावर. भैरूला काय ठाऊक अंड्यांचं? तरी ह्याच्या तोंडून काय निघालं? "हायती की."

कंदील भराभरा पुढं. ह्याचे पाय आपोआप मागं. थांबू म्हटलं तर थांबेनात!

मग आवाज बदलला. अंजिराचा आवाज! "अवं, खरं सांगा. अंडी कुठायती?"

एवढं होऊनसुद्धा लाज सुटेना. "कोल्ह्यानं खाल्ली गं."

कंदील हसला! शपथेवर सांगतो, उजेडच हसला. आणि अशी ओढ लागली, अशी ओढ, की पाय भुईला टेकेनात.

तेवढ्यात टिटिव टिटिव करत काहीतरी तोंडावर आदळलं. टिटवी! हा दचकून मागं पडला. पाय झाडले तर पुढं जमीनच न्हाय. एक ढेकूळ घरंगळलं, बऱ्याच वेळानं खाली डुबुक वाजलं. विहीर!

तुम्ही म्हणाल, टिटवीनं वाचवलं. छट्! त्याचा हात गवतात टेकला होता, तिथं काहीतरी ऊबदार थरथरलं. पिल्लू. नांगराच्या आधी एकच निघालं असणार, ते विहिरीच्या काठाला दबून बसलेलं. ह्याच्यापासून पिल्लाला वाचवत होती ती!

मग फुटला तो. "मी मारली! मीच मारली गं!" म्हणून हंबरडा फोडला. कंदील फस्सकन विझला. हा उजाडेस्तोवर पालथा पडून राहिला. टिटवी डोक्यावर झेपा घालत होती, त्यानं हात वर केला न्हाय.

फटफटताना अंजिरा शोधत आली. त्यानं मातीत बघत सगळं सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्यापाशी खरं बोलायला विहीर लागली व्हय तुमाला?" आणि पुढं चालायला लागली.

म्हणून सांगतो, दिवस मावळल्यावर विहिरीच्या त्या वाटेनं जायचं न्हाय. कुणी ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी न्हाय! हिंदुराव आता म्हातारा झाला, अजून जात न्हाय. विचारलं तर चकव्याचं नाव सांगतो. पण दिवसाढवळ्या टिटवी ओरडली तरी मान खाली घालतो, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.