शेजारची सीट

…नाही साहेब, बोलतो मी गाडी चालवताना, सवयच आहे — लिहायचं तर लिहा, ड्रायव्हर बडबड करतो. पट्टा लावलाय, आरसा बघितला, पुढच्या टँकरपासून अंतर ठेवलंय. तुम्हाला बोलायची मनाई आहे, ठाऊक आहे मला. मालक म्हणाले — साहेब शेजारी बसतील, तुझं चालवणं बघतील, एक शब्द बोलणार नाहीत, त्यांनी पास केलं तर भावाची गाडी तुझी. भावाची म्हणजे तीच नाही, ती भंगारात गेली. तसलीच दुसरी, ही.

मी क्लीनर होतो दादाचा. क्लीनर काय करतो? काच पुसतो, टायर ठोकून बघतो — लोकांना एवढंच वाटतं. खरं काम बोलायचं. दुपारी जेवण झालं की दादाचे डोळे जड व्हायचे, मग म्हणायचा, वाच रे पंडिता. पुढच्या गाडीच्या पाठीवर लिहिलेलं वाचायचं. मी शाळा अर्ध्यात सोडलेली, जोडाक्षर आलं की माझं पंक्चर — सु, सुर, सुरक — तोवर ती गाडी गेलेली पार पुढे, आणि दादा स्टिअरिंगवर हात आपटून हसतोय. झोप गेली पळून. मी चिडायचो, तूच वाच मग. तर म्हणायचा, मी वाचलं तर हसायचं कशाला? वहिनी म्हणायची, तुम्ही कामाला जाता की भांडायला.

मग मालकांनी सगळ्या गाड्यांत हा कॅमेरा बसवला — हा वर, काचेला, लाल डोळ्याचा. फोन कानाला लावला की ओरडतो, जांभई दिली की ओरडतो. चांगलाय, मी कुठे वाईट म्हणतो. पण मालक म्हणाले, आता दुसरा माणूस कशाला. मला टाकलं गोदामात पोती उचलायला. ओरडला हो तो, दादा गेला त्या दिवशीही. पोलिसांनी त्यातला व्हिडिओ दाखवला आम्हाला — दादाचे डोळे मिटतात, हा ओरडतो, दादा उघडतो, परत मिटतात, परत ओरडतो — आणि मग दादा शेजारच्या सीटकडे बघतो. रिकाम्या. ओठ हलतात. आवाज नाही त्यात. वहिनी म्हणते, देवाचं नाव घेतलं असेल. मी म्हटलं, हो. काय सांगणार तिला — मला कळतात ना त्याचे ओठ. वाच म्हणाला तो.

त्या टँकरवर काय लिहिलंय, साहेब? तुम्ही शिकलेले, सांगा ना. नाही — बरोबर, मनाई. मला अक्षरं नाही दिसत आहेत नीट. ऊन नाही हो, ऊन कुठलं. अंथरुणात डोळ्याला डोळा लागत नाही, आणि इथे बसलं की झोप येते, अशी, गुपचूप. हे सांगायचं नव्हतं मला. सकाळी वहिनी म्हणाली, पास होऊन या भाऊजी. घरात कमावणारं कोण राहिलंय, ती तरी काय म्हणणार.

थांबा. बाजूला घेतो. इंडिकेटर दिला, मागचा जाऊ दिला — एवढं तरी बरोबर केलं, लिहा. ही किल्ली. तुम्ही या इकडे, तुम्हीच न्या परत. नाही, पाणी नको. मला काही विचारू नका आता, चालवा.