मुकी कांडी

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर दोन कल्हईवाले भाऊ बसले होते. थोरला विचारत होता, धाकटा मान खाली घालून उत्तरं देत होता.

“वसतिगृहाच्या पातेल्यांना कशाची कल्हई केलीस?”

“कथलाची, दादा.”

“खोटं बोलू नकोस. शुद्ध कथील वाकवलं की करकरतं. तुझ्या पेटीतली कांडी मी कानाशी धरून वाकवली, ती मुकी होती.”

“थोडं शिसं मिसळलं होतं. सगळेच मिसळतात.”

“सगळे शेण खातात म्हणून आपणही खायचं? आंबट शिजवलं की शिसं अन्नात उतरतं, हे बाबांनी तुला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. साठ मुली जेवतात त्या पातेल्यांतलं.”

“मी पातेली परत आणतो.”

“ती मी काल उचलून आणली. वसतिगृहाच्या बाईंना कारणही सांगितलं.”

“माझं नाव घेतलंस?”

“आपल्या दुकानाचं घेतलं. पाटीवर बाबांचं नाव आहे, ते तरी आठवायचंस.”

“मग मला इथं कशाला आणलंस?”

“बघायला. आज त्या सगळ्या मुलींचं रक्त काढतायत.”

दार उघडलं. एक मुलगी हातावरचा कापूस दाबत बाहेर आली आणि धाकट्याला पाहून थांबली.

“काका, पातेली किती छान चमकत होती. परत का नेलीत?”