टाकीवरचा सरदार

(मयूर विहारचा फ्लॅट. दीनानाथ आजीची अपुरी राहिलेली मांजरांची गोष्ट पुढे सांगताहेत, नात मैत्रेयी लॅपटॉपवर टाइप करतेय.)

मैत्रेयी : नाही आजोबा, हे मी टाइप नाही करणार.

दीनानाथ : का? काय झालं?

मैत्रेयी : वाघ्या परत टाकीवरच बसलाय! तीन चॅप्टर झाले, यार. बोका हलतच नाही.

दीनानाथ : मला यार म्हणू नकोस. त्याची रुपी गेलीय. टाकी टोळीचा नियमच आहे, जोडीदार गेला की त्याच्या जागेवर पहारा द्यायचा.

मैत्रेयी : तीन दिवस! आजीने वहीत लिहिलंय. तुमचा वाघ्या थंडीपासून बसलाय, आता गोष्टीत कूलर लागले.

दीनानाथ : तीन दिवस कमी असतात.

मैत्रेयी : आणि आजीच्या वहीत रुपी मेलीच नव्हती. तुम्ही मारलीत.

दीनानाथ : हो. मीच.

मैत्रेयी : का पण?

दीनानाथ : दुसरं काही सुचेना. पुढे लिही. ‘वाघ्या बसून राहिला.’

मैत्रेयी : तिकडे खालच्या पार्किंग टोळीने आपल्या टोळीची अर्धी गच्ची घेतली! आपली झिपरीसुद्धा त्यांच्या म्होरक्याला, भुऱ्याला जाऊन मिळाली. गद्दार!

दीनानाथ : गद्दार कशी? तिला चार पिल्लं आहेत. सरदार खाली बघतच नाही, तर तिने काय करायचं?

मैत्रेयी : तेच म्हणतेय मी! मग चूक वाघ्याची ना?

दीनानाथ : तो रुपीशी इमान राखतोय.

मैत्रेयी : आणि बाकीच्यांशी? रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये गोष्ट वाचून दाखवायचीय. माझी मैत्रीण निधी रोज विचारते, टोळी टिकली का. काय सांगू, सरदार बिझी आहे?

दीनानाथ : तूच लिही मग! मला नाही जमत. हे तुझ्या आजीचं काम होतं.

मैत्रेयी : अच्छा. लिहिते. ‘भुऱ्या दहा मांजरं घेऊन टाकीवर चढायला लागला.’

दीनानाथ : टाकीवर? कशाला?

मैत्रेयी : वाघ्या खाली येत नाही, तर लढाई वर होणार. बिल्कुल रुपीच्या जागेवर.

दीनानाथ : तिथे नको.

मैत्रेयी : मग कुठे?

दीनानाथ : तिथे रक्त सांडायचं नाही, मैत्रेयी. खोड ते.

मैत्रेयी : नाही खोडणार. अर्ध्या शिडीवर आलेत ते. तुम्हीच अडवा.

दीनानाथ : थांब. थांब जरा. लिही... ‘वाघ्या उठला.’

मैत्रेयी : उठला! आणि झेप घेतली?

दीनानाथ : झेप कसली. पाय आखडले होते त्याचे. शिडीची एकेक पायरी उतरला.

मैत्रेयी : आखडले म्हणजे?

दीनानाथ : फार दिवस एकाच जागी बसलं, की होतं तसं.