कुंदाताईनं दाखवलेलं माझं आतडं

मंडळी, इतके जण आलात की खुर्च्या कमी पडल्या. मागे उभे आहेत त्यांनी सांभाळून घ्या. मी विलास. इथल्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा, म्हणजे दुरुस्ती खात्याचा फिटर. मला मशीनशी बोलायची सवय, माईकशी नाही. अन् जिच्याबद्दल बोलायचं, ती समोर फोटोत हसून राहिली. कसं बोलावं, सांगा!

कुंदाताई आमची शेजारीण. दवाखान्याच्या लॅबमध्ये जन्मभर पेशंटच्या शरीरातले तपासणीचे तुकडे कापले, रंगवले, काचेवर चढवले. रिटायर झाली अन् घरी शिलाई मशीनवर जुना मायक्रोस्कोप मांडला. चहाला गेलं की आधी कांद्याचा पापुद्रा बघायचा, मग चहा. सरिता, तुझ्या आईनं गल्लीत कोणाला सोडलं का गं? दूधवाल्या भैयाला त्याचंच दूध दाखवलं. बिचारा दोन दिवस फिरकला नाही!

तीन वर्षांआधी माझं मोठं आतडं सुजलं. रक्त पडायचं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या शरीराच्या रक्षक पेशीच आतड्यावर उलटल्या. गोळ्या घ्या, नाही जमलं तर आतडं काढावं लागेल. मग फोनवर वाचलं की या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. आता मी पडलो फॅक्टरीचा माणूस. म्हटलं, गेटवरचा गार्डच झोपवला तर आत कोणीही घुसेल! केल्या गोळ्या बंद. घरी कोणाला पत्ता नाही. महिन्याभरात पँट दोरीनं बांधायची वेळ आली.

म्हटलं, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून बघू. त्यांना दाखवायला लॅबमधून माझ्या आतड्याच्या तुकड्याची काच आणली. कुंदाताईनं फाटकातच अडवलं.

"रुमालात काय नेऊन राहिला?"

"माझं आतडं."

"अच्छा! आण इकडे."

बाई इतकी खूश, जणू मी पेढेच आणले! डोळा लावला अन् म्हणाली, "ये, बघ. हे खड्डे दिसतात? यांच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात. चार-पाच दिवसांत वरचं अस्तर नवं."

"अन् हे जांभळे ठिपके?"

"तुझे रक्षक."

"म्हणजे भांडखोर!"

"गप रे. भांडण कधीमधी. रोजचं काम दुसरंच. मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ करायची. कुठे फट पडली की तळाशी निरोप धाडायचा, नवीन पाठवा. अरे, हे तुझ्याच खात्यातले लोक आहेत. तुझे फक्त भडकले आहेत, म्हणून गर्दी करून मोडतोड करून राहिले. गोळी त्यांना मारत नाही, शांत करते. डोकं थंड झालं की डागडुजीला लागतील. घेऊन राहिला ना गोळ्या?"

मी खाली बघितलं.

मंडळी, त्या दिवशी मी ज्या शिव्या खाल्ल्या, त्या इथे सांगता येत नाहीत. हिंदीत वेगळ्या, मराठीत वेगळ्या! मग स्वतः चपला घातल्या. "चलो, आधी आपल्या डॉक्टरकडे. खरं सांगायचं. नागपूर नंतर." डॉक्टरांसमोर मी अडखळलो, तर पाठीत एक धपाटा. मी वीस वर्षं दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त केली. माझ्या पोटातही दुरुस्तीवाले बसले आहेत, हे मला या बाईनं शिकवलं. कोणी दाखवलं असतं हो मला?

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ताईनं नवी काच इकडून तिकडे सरकवून बघितली. मग एकदम टाळी! "भरून आलं रे! बघ, कसं गुळगुळीत अस्तर विणलं!" सरिता, तिनं तुलाही मुंबईला फोन लावला होता ना? दुसऱ्याचं आतडं बघून इतक्या आनंदानं नाचलेली बाई मी पुन्हा पाहणार नाही. गेल्या मंगळवारी ती गेली. फार आठवण येते हो. पण तिची आठवण आली की रडताना हसूच येतं, त्याला मी काय करू?

ताई, वाकून नमस्कार.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत. कोणाच्या पोटात गुडगुड ऐकू आली तर ती माझी समजा, अन् बेशक हसा. ते आतडं अजून माझ्याच पोटात आहे.