विहीणबाईंच्या सिनेमात मी

…आणि वर बायको मलाच म्हणते, तुला तो ट्रे खाली ठेवता आला नाही का? अहो, कुठे ठेवणार? काळोख, भरलेला हॉल, शेजारी म्हाताऱ्या माणसांची गुडघ्याला गुडघे लावून बसलेली रांग… आणि तुम्हाला सांगतो, काळा बंदगळा कोट घालायची आयडिया माझी नव्हतीच. बायकोची, सुनीतीची होती. म्हणाली, मुलाकडच्यांना पहिल्यांदा भेटतोयस, जरा भारदस्त दिस.

मुलगा म्हणजे आमच्या चिन्मयीने निवडलेला वेस्ली. माणसं हाँगकाँगची, राहणार इथल्याच, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हर्स्टविलची, आणि मुलगा इलेक्ट्रिशियन. मी तोंडाने काही बोललो नव्हतो, पण आमच्या गिरावीनमध्ये, परदेशातल्या या देशी वस्तीत, दगड मारला तर आयटीवाल्याला लागतो, आणि आमचा जावई पक्कड घेऊन फिरणार… चिन्मयी म्हणाली, "बाबा, जस्ट बी नॉर्मल, ओके?" मी म्हटलं, नो वरीज.

त्याची आई, मिसेस लाउ, रविवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये त्यांच्या भाषेतले, कँटोनीज, जुने विनोदी सिनेमे दाखवते. ब्लॅक अँड व्हाइट. तिथेच भेटू म्हणाली, हसताना माणसं मोकळी होतात. सुनीतीने मला दारात उतरवलं आणि ती नि चिन्मयी पार्किंग शोधायला गेल्या. हर्स्टविलमध्ये, रविवारी. म्हणजे गेल्याच त्या.

मी आत शिरतो न शिरतो तोच एका आजीबाईंनी माझ्या हातात रिकामा कप दिला. घेतला. नाही कसं म्हणणार? मग दुसऱ्या आजींनी दिला. मग कोणीतरी एग टार्टचा, त्या अंड्याच्या गोड पेस्ट्रीचा, ट्रेच हातात ठेवून रांगांकडे बोट दाखवलं. आता चिन्मयीने सांगून ठेवलं होतं की त्यांच्या लग्नात वडीलधाऱ्यांना वाकून चहा द्यायची पद्धत असते. मला वाटलं, सुरू झालं. आपली मुलीची बाजू, वाकायला हवं. म्हटलं, नो वरीज. त्यांचे वाढपी काळ्या कोटात येतात हे मला काय माहीत?

आणि टार्ट घेऊन आलेला खरा माणूस कुठे होता? पहिल्या रांगेत, मिसेस लाउंच्या शेजारी, टार्ट खात. उल्हास नाव. आपलाच मराठी, ब्लॅकटाउनला राहणारा, बेकरीची व्हॅन चालवतो. अंगात छान क्रीम रंगाचं जॅकेट. बाईंनी त्याला पाहिलं, वेलकम वेलकम करत हात धरून बसवलं, हा बसला. नंतर मी विचारलं, अरे, बोलला का नाहीस? तर म्हणे, "साहेब, सकाळपासून उभा होतो. कोणी बस म्हणालं तर माणसाने बसावं."

दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. गोष्ट काय, तर शेठचा ड्रायव्हर शेठचा सूट घालून सोफ्यावर बसलाय, मुलीचा बाप त्यालाच शेठ समजून पाया पडतोय, आणि खरा शेठ स्वयंपाकघरात कांदा चिरतोय. हॉल हसून लोळत होता. मी ट्रे घेऊन उभा. मला तो सिनेमा काही विनोदी वाटला नाही.

असाच वाकत वाकत पहिल्या रांगेत पोचलो, तर मिसेस लाउ हळू आवाजात उल्हासला विचारत होत्या. म्हणाल्या, माझा मुलगा युनिव्हर्सिटीत गेला नाही, तो घरोघरी वायरिंग करतो, तुम्ही शिकलेली माणसं, खरं सांगा, तुम्हाला असा मुलगा चालेल का? मी ट्रेसकट थांबलो. तुम्हाला सांगतो, हा प्रश्न माझा होता. उत्तर माझ्याकडे महिनाभर तयार होतं आणि ते फारसं चांगलं नव्हतं. उल्हासला वाटलं, बाई मन मोकळं करतायत. तो म्हणाला, "मॅडम, जो आला की घरात उजेड पडतो, त्याला नाही कोण म्हणेल?"

बाईंचे डोळे भरले. माझ्याच ट्रेमधला नॅपकिन घेऊन पुसले. मी बोलायला तोंड उघडलं, तर मागून कोणीतरी "शू…" केलं. म्हटलं, नो वरीज.

तेवढ्यात दार उघडलं. सुनीती, चिन्मयी आणि त्यांना पार्किंगमध्ये भेटलेला वेस्ली. त्याने माझे फोटो पाहिलेले. चिन्मयीने तोंडावर हात ठेवला. वेस्ली सरळ माझ्याकडे आला, टेबलावरचा दुसरा ट्रे उचलला आणि कानात म्हणाला, "अंकल, डावी बाजू मी घेतो." बस. का, कसं, काही विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या हॉलला वाढलं. मी मधूनमधून त्याचे हात बघत होतो. खरचटलेले होते, पण ट्रे जरासुद्धा हलत नव्हता. माझं ते तयार उत्तर होतं ना, ते मला आठवेचना.

दिवे लागले. वेस्लीने आईला सांगितलं, हे चिन्मयीचे बाबा. मिसेस लाउंनी माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, मग उल्हासकडे. "मग हे कोण?"

उल्हास अर्धा उठलेला, चेहरा पांढरा. बाईंच्या हातात अजून तो ओला नॅपकिन. खरं सांगितलं तर झालेलं सगळं मोडणार. आणि सुनीती शांतपणे म्हणाली, "हा माझा भाऊ."

सुनीतीला भाऊ नाही. सख्खा नाही, चुलत नाही, मावस नाही.

बाईंनी मला विचारलं, तुमचे मेव्हणे म्हणाले ते तुम्हालाही मान्य आहे? मी म्हटलं, नो वरीज. आणि त्या दिवसात पहिल्यांदा ते खरं होतं.

लग्न मार्चमध्ये आहे. मामा म्हणून चिन्मयीला मांडवात उल्हासच आणणार. पंचवीस वर्षं मला मेव्हणा नव्हता, मी सुखात होतो. परवा भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, पोटभर जेवला, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणतो, "दाजी, माझ्या बहिणीला जरा नीट सांभाळा."