गोळी कुणाला विचारून बंद केली?

आणि वर मलाच विचारतात, 'कुणाला विचारून बंद केली?' अहो, गोळी माझी, डोकं माझं, पाण्याचा ग्लास माझा... विचारायचं कुणाला? वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय मी! शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या पायाशी जादाचा ब्रेक आणि तोंडात एकच पालुपद, 'हळू... हळू दाबा... एकदम ब्रेक मारायचा नाही!' झोपेतसुद्धा बरळतो म्हणे. असा मी शहाणा माणूस!

तर तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षी हा शहाणा माणूस सकाळी खाली उतरला, गाडीत बसला, किल्ली हातात घेतली आणि बसूनच राहिला. हात उचलेना! पाऊण तास! बायको बघायला आली तर मी रडतोय, आणि का रडतोय तेही सांगता येईना. एक दिवस नव्हे, दोन महिने असंच... हसा, आता हसा, पण तेव्हा फार भीती वाटली होती हो.

मग डॉक्टरबाईंकडे गेलो. म्हणाल्या, "हा उदासीनतेचा आजार आहे. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. फरक पडायला काही आठवडे लागतील, धीर सोडू नका. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दारू नको. दुसरं औषध, अगदी खोकल्याचंसुद्धा, विचारल्याशिवाय नको. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही." सगळं वहीत लिहून घेतलं मी! शेवटचं तेवढं राहिलं, कारण तोवर मी चपला घालत होतो.

चार महिन्यांत माणसात आलो. शीळ घालायला लागलो! आणि नेमका तेव्हा आमचा साडू टपकला. "काय रे, अजून गोळ्या? सवय लागते बरं का! मन घट्ट कर, मन!" हा स्वतः झुरळ दिसलं की स्टुलावर चढतो, पण मन मी घट्ट करायचं! आणि गंमत बघा, मला पटलं. का पटणार नाही? मला जे हवं होतं तेच बोलत होता ना तो! दुसऱ्या दिवसापासून गोळी पाकिटातून काढायची आणि थेट पँटच्या खिशात. बायको विचारायची, "घेतली?" मी म्हणायचो, "घेतली!" खोटं नव्हतं हो... हातात घेतलीच होती.

चौथ्या दिवशी सकाळपासून गरगरतंय, घाम फुटतोय, मान वळवली की डोक्यात सुर्रकन करंट! म्हटलं, झोप झाली नसेल. आणि गेलो की शिकवायला! गाडीत कोण, तर मोठ्या बाई. म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास, आणि त्याचा राग माझ्यावर. भर चौकात मी मागे बघायला मान वळवली, आला करंट, आणि माझा पाय धाडकन ब्रेकवर! गाडी जागच्या जागी बंद, मागे टायर किंचाळले, टेम्पोवाल्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आणि मोठ्या बाई? शांतपणे गाडी चालू केली, आरसा बघितला, सिग्नल दिला, अलगद कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. तीन महिने शिकवतोय, एकदा जमलं नव्हतं! मग माझ्याकडे वळल्या. "सर, एकदम ब्रेक मारायचा नाही."

मला रडूच फुटलं. वाटलं, आलं परत ते... ती किल्ली, तो पाऊण तास. सगळं ओकून टाकलं त्यांच्यापुढे. तर वर्गातला आवाज काढून म्हणतात, "कुणाला विचारून बंद केली?"

"साडूला."

"साडू डॉक्टर आहेत?"

"पडद्यांचं दुकान आहे."

गाडीची किल्ली काढून बाईंनी पर्समध्ये टाकली, टॅक्सी बोलावली आणि मला दवाखान्यात नेऊन बसवलं. डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न काय असणार? तोच! "कुणाला विचारून?" मी तोंड उघडायच्या आत मोठ्या बाई म्हणाल्या, "पडदेवाल्याला."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे व्यसन नव्हे. पण शरीराला असं अचानक तोडलेलं सोसत नाही. बंद करायची वेळ आली की मी सांगेन, थोडी थोडी उतरवू. तोवर रोज घ्या. आणि चक्कर पूर्ण थांबेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही." घरी आलो, तर बायकोला धुण्यात खिशातल्या गोळ्या सापडलेल्या! तिन्ही टेबलावर ओळीनं मांडलेल्या. एवढंच म्हणाली, "मला परत खाली त्या गाडीपाशी यायचं नाहीये." त्या दिवशीची चौथी खिशातून काढून मी ओळीत ठेवली. मान खाली घातली.

आता बरा आहे मी. मोठ्या बाई पास झाल्या, उठसूट माझ्यासमोरून गाडी नेतात. परवा सकाळी मला इतकं झकास वाटलं, म्हटलं आता... पण नाही! फोन लावला. विचारलं, "डॉक्टर, आता कमी करायची का?"

"अजून तीन महिने नाही."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. वाद नाही, सल्ला नाही, एक शब्द! वाटलं, बायको शाबासकी देईल. तर ती स्वयंपाकघरातून धावत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणते कशी, "अहो, एवढंच बोललात? परत गोळी चुकवलीत की काय?"