भोंग्यातली घंटा

—नाही हो, शिडी तिथं टेकवू नका, तो दगड हलतो. इकडे, खांबाच्या ह्या अंगाला. हां. आणि आता जरा थांबा, वायरमनदादा, लगेच पक्कड काढू नका. भोंगा काढायलाच आलात, माहीत आहे मला—मीच तर वारसा समितीच्या मागं लागले होते, काढा, काढा म्हणून. पण तो काय पळून जाणार आहे? एवढी चढण चढून आलात, आधी प्रार्थनाघर बघून घ्या. मी दाखवते ना, तेच काम माझं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वारसा दाखवायचा. फक्त बोलायचं हळू. ते खाली पत्र्याचं घर दिसतंय, तिथं माझ्या सासूबाई बसल्यात खिडकीशी, आणि आज भोंगा निघणार हे त्यांना अजून सांगितलेलं नाही मी. कसं सांगायचं तेच सुचत नाहीये. या, आत या. डोकं सांभाळा, दार ठेंगणं आहे.

तर आपल्या उजव्या हाताला—बघा, तोंडात बसलंय ते, आपल्या उजव्या हाताला! कुठल्या देवाचं, असं सगळे विचारतात. मी म्हणते, ज्याला जो हवा त्याचा. मूर्ती नाही, चित्र नाही, नुसती बसायची जागा. ज्यांनी बांधलं त्यांचं आपसात पटत नव्हतं म्हणे, कुठला देव ठेवायचा ह्यावरून भांडणं झाली, शेवटी कुणालाच नको म्हणाले आणि मोकळी ठेवली. खरं-खोटं कुणाला ठाऊक, पण पाहुण्यांना आवडतं, हसतात. हा खांब बघा, हात फिरवा. गुळगुळीत आहे ना? कुणी घासलेला नाही, लोक टेकून बसतात, त्यानं झालाय. आणि आता वर बघा—ती. ती खरी घंटा. तुम्हाला काय वाटलं, पूजेची? छे हो! ती धुक्याची घंटा. इथं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. मग खालच्या आळीतली माणसं घरी कशी येणार? कानानं. इथं घंटा वाजत राहायची आणि माणसं आवाज धरून चालत यायची, पायाकडं बघायचीसुद्धा नाहीत, गप्पा मारत यायची. शेवटचा माणूस वर आला की थांबायचं. आता ही भक्ती म्हणा नाहीतर चाकरी म्हणा, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच. सासऱ्यांनंतर आमचे हे.

ह्यांचा हात वेगळा होता. एक जड टोला, मग जरा थांबणार, मग दोन हलके. मी स्वयंपाकघरात असले तरी कळायचं, आता दमलेत, आता हात बदलला. मग समितीची माणसं आली. चांगली होती हो, शिकलेली, ह्यांना साहेब म्हणायची. म्हणाली, घंटेला बारीक चीर गेलीय, हा ठेवा आहे, जपायला हवा, वाजवायची नाही. काचेची पेटी केली, दोर सोडून ठेवला. पण पाहुण्यांना तर घंटा ऐकायची असते! म्हणून मग यंत्र आणलं, कानाला ते मोठे डबे लावून बसले, आणि ह्यांना म्हणाले, एकदा मनासारखी वाजवा. सकाळभर वाजवत होते बिचारे. घाम निथळत होता आणि चेहऱ्यावर असा आनंद—लग्नातसुद्धा एवढा नव्हता, खरंच सांगते. शेवटी खोकला आला त्यांना, तोही त्यात गेला. काढून टाकू म्हणाले, विसरले. पाहुणे हसायचे, हा कोण खोकतोय? आणि मी काय सांगणार? वारसा, म्हणायचे. वारसा खोकतोय!

तर तो भोंगा त्यांनी इथं नाही लावला. इथं भिंतीला खिळा मारायचा नाही ना, जुनी भिंत. म्हणून तिकडं पॉइंटवर, तुम्ही शिडी लावलीत तिथं. खाली बटण, ज्याला वाटेल त्यानं दाबावं. पुढून पाहुण्यांसाठी कठडा आहे. पण खालच्या आळीतली पायवाट येते त्या बाजूनं काही नाही, दरी उघडीच. वाट इकडं प्रार्थनाघराकडं वळते, पॉइंटवर आमचं कुणी जायचंच नाही, कशाला कठडा?

मागल्या मोसमात हे सासूबाईंचं औषध आणायला खाली गेले होते. परत येताना धुकं उतरलं. आणि वर पॉइंटवर पाहुणे होते कुणीतरी, हौशी, त्यांना वाटलं धुक्यात घंटा किती छान वाटेल. दाबलं बटण. त्यांची काय चूक? काही नाही. पण हे आले ना त्या आवाजानं. तुम्ही म्हणाल, त्यांना माहीत नव्हतं का भोंगा कुठं आहे? होतं हो! खांब रोवताना हेच धरून उभे होते. पण पायांना माहीत नव्हतं. आणि धुक्यात ते कधी चाललेच नव्हते, जन्मभर. धुकं आलं की ते इथं दोराशी, चालणारे बाकीचे. पहिल्यांदाच घंटा ऐकत घरी यायला निघाले, आणि घंटा त्यांचीच होती. त्यांचा जड टोला, त्यांचे दोन हलके. आपल्याच हातावर कसा अविश्वास दाखवणार माणूस?

नाही, रडत नाहीये मी. धुळीनं होतं. मला काही वाटतच नाही, तीच तर गंमत आहे. दात काढताना सुई देतात ना, गाल आपलाच असतो, हात लावला तर कुणा दुसऱ्याचा वाटतो—तसं चाललंय. उठते, झाडते, पाहुणे आले की उजव्या हाताला म्हणते. त्यांनी बटण दाबलं की मी तिथंच उभी असते. टोला, दोन हलके, खोकला. काही होत नाही मला.

होतं ते सासूबाईंना. नाही, नाही, भ्रमिष्ट वगैरे नाहीत त्या, डोकं माझ्याहून जाग्यावर आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण लेकाला शेवटची आंघोळ स्वतःच्या हातांनी घातली त्यांनी. सगळं माहीत आहे. पण भोंगा वाजला की म्हणतात, "वाजवतोय अजून. म्हणजे उशीर होणार आज." आणि ताट झाकून ठेवतात. खोकला आला की म्हणतात, "मफलर घाल म्हणावं त्याला." मी म्हणते, सांगते हं आई. काय म्हणू दुसरं? मला वाटायचं, हे थांबलं पाहिजे, उद्या आणखी कुणी जाईल त्या आवाजामागं. म्हणून भांडले समितीशी. आता तुम्ही शिडी घेऊन आलात तर मीच म्हणतेय, जरा थांबा. भोंगा निघाला की माझ्यासाठी काही बदलत नाही हो. त्यांचा मुलगा मात्र आज जाणार.

काय म्हणालात? मोबाईलवर घालून देता? मनानं चांगले आहात. पण नको. उशाशी धरून ऐकवू का त्यांना? मग तो नुसता आवाज होईल. आत्ता निदान तो वरून येतो, कामावरून.

चला बाहेर. एकदा, म्हटलं, शेवटचा ऐकून घ्यावा, मग काढा, म्हणून तर तुम्हाला मघापासून बोलण्यात अडकवून ठेवलं, राग मानू नका. फक्त एकदा, तुम्हीच बटण दाबा, मी—

थांबा. थांबा, हात काढा बटणावरून! खाली बघा. दरी कुठंय? आत्ता होती. घर दिसत नाही, पायवाट दिसत नाही. बाजाराची वेळ आहे, अर्धी आळी वाटेवर असेल. नाही वाजवायचा. एकदासुद्धा नाही. तोडा वायर. माझ्याकडं काय बघताय? तोडा म्हणते ना!

झालं? बरं. एवढंच होतं तर.

समितीनं पेटी काढलीय, दोर परत बांधून दिलाय. कोण वाजवणार विचारलं तेव्हा मीच म्हटलं, मी. अजून वेळ आली नव्हती. सासूबाई पहिल्याच टोल्याला ओळखतील, त्याचा हात नाही हा. ओळखू देत. खालची माणसं तरी घरी येतील.

तुम्ही शिडी इथंच टाका, माझ्यामागं प्रार्थनाघरात या आणि भिंतीला पाठ लावून बसा, धुकं उठेपर्यंत कुठं जाऊ नका. आणि आता काही विचारू नका मला. दोर हातात असताना बोलायचं नसतं.